सहमतीचा गुणांक

गळीत हंगाम सुरू झाला, की गंगाखेडच्या बाहेरचे ते फाटक रेल्वेचे राहत नाही, उसाचे होते. गाडी निघून जाते, दांडा वर जातो, पण पुढच्या ट्रॉल्या हलेपर्यंत पुढची गाडी येऊन ठेपते. हवेत मळीचा आंबूस-गोड वास असतो आणि थांबलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हताशपणा. शिवरंजनी स्कूटी बंद करून समोरच्या ट्रॉलीतला ऊस कोणत्या वाणाचा असावा, याचा अंदाज बांधत होती. मृदाशास्त्राची अध्यापिका रिकामी बसली, की असेच काहीतरी करते.

"घ्या."

डाव्या बाजूला एक तरुण उभा होता. खांद्याला पिशवी, बुटांवर काळ्या मातीची धूळ, हातात उसाची दोन कांडी. त्यातले एक त्याने पुढे केले होते.

"नको."

"चोरीचा न्हाई. ट्रॅक्टरवाल्या मामाला विचारून घेतलाय."

"पुरावा?"

तो गोंधळला, मग हसला. हसताना त्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित आधी मिटत होता, हे तिने टिपले. टिपण्याचे काही कारण नव्हते.

"मामा सांगतील की."

"मामा तुमचे साक्षीदार. त्यांनीच ऊस दिला, तेच साक्ष देणार... असली साक्ष धरत नसतात."

"तुमी तर लय कडक हायत!" त्याने दोन्ही कांडी स्वतःकडेच ठेवली. "बरं, ते कृषी तंत्रविद्यालय इथून लांब हाय का? बस अडकली, म्हणलं पायी जावं. तिथं कुणी मॅडम हायत म्हणे. परीक्षा बंद करून पोरांना मोबाइलवर फोटो काढायला लावायल्यात."

"फोटो?"

"पेरताना फोटो, उगवताना फोटो. नाव मात्र भारदस्त — ई-पोर्टफोलिओ. ते तपासायला आमाला परभणीहून बोलावलंय. खामखा."

फाटक उघडले. शिवरंजनीने स्कूटी सुरू केली.

"बसा पाठीमागं. मी तिकडंच चालले."

"तुमी तिथं काय..."

"फोटो काढायला लावते," ती म्हणाली.

 विद्यालयाच्या दारात उतरताना, अत्यंत नम्रपणे, उसाचे एक कांडे तिच्या स्कूटीच्या डिकीवर ठेवले गेले.

त्याचे नाव योगीराज. परभणीला तो संख्याशास्त्र शिकवीत असे आणि बहिःस्थ परीक्षक म्हणून आला होता.

शिवरंजनीच्या प्रयोगामागे भावुकता नव्हती, वैताग होता. लेखी परीक्षेत हरभऱ्याच्या पाण्यावर सगळा वर्ग एकच उत्तर लिही, गाइडमधल्या छपाईच्या चुकीसकट. म्हणून तिने प्रत्येक विद्यार्थ्याला शेतातला एक वाफा दिला आणि हंगामभराचे काम संगणकावरच्या त्याच्या स्वतंत्र कप्प्यात साठवायला लावले. छायाचित्रे, मोजमापे, चुका. आणि दर टप्प्याला चिंतनाची नोंद — काय वाटले होते, काय झाले. मूल्यमापनाच्या निकषांतला शेवटचा निकष तिने स्वतः लिहिला होता : 'मत बदलले असल्यास ते का बदलले, हे पुराव्यासह सांगितले आहे काय?'

विद्यालयाच्या अभ्यास मंडळाला हे पटले नव्हते. कपाशीच्या फोटोला गुण द्यायचे, तर ते देणाऱ्याच्या लहरीवर जाणार, असे त्यांचे म्हणणे; आणि शिवरंजनीला ते म्हणणे अजिबात चुकीचे वाटले नाही. म्हणून अट ठरली. दोन परीक्षकांनी तेच पोर्टफोलिओ, त्याच निकषांवर, एकमेकांना न सांगता तपासायचे. दोघांच्या गुणांतला मेळ, म्हणजे सहमतीचा गुणांक, ठरलेल्या मर्यादेत बसला तर पोर्टफोलिओ ग्राह्य. न बसला तर मुलांचा हंगाम वाया आणि पुन्हा तीन तासांचा पेपर.

सरावाच्या फेरीनंतर प्राचार्य बन्सीधर सरांनी दोघांना समोर बसवले.

"तुमी दोघं चालायलात एकाच रस्त्यानं," ते म्हणाले, "पण मॅडम दर पोरामागं एक गुण कमी देतात अन् सर एक जास्त. वीसपैकी दोनाचा फरक पडायलाय."

"फरक कायम असेल तर अडचण नाही," शिवरंजनी म्हणाली. "तराजूचा काटा शून्यावर नसला तरी चालतो, किती सरकलेला आहे ते ठाऊक पाहिजे. माझ्या गुणांत एक मिळवा, यांच्यातून एक वजा करा."

"म्हणजे मी काटा सरकलेला तराजू," योगीराज म्हणाला.

"मीसुद्धा."

"एकाच दुकानातले."

बन्सीधर सरांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिले आणि दुरुस्ती नोंदवून घेतली.

अंतिम तपासणी हंगाम संपता संपता व्हायची होती. तोवर योगीराज दर आठवड्याला वाफे पाहायला येई. गुणांविषयी एकमेकांशी बोलण्यास दोघांना सक्त मनाई होती. मनाईचा परिणाम अपेक्षेपेक्षा वेगळा झाला : बाकी सगळ्याविषयी बोलणे आले. त्याला गोदावरीच्या पात्रातली वांगी आवडतात हे तिला कळले. ती गणित सुटले नाही की भांडी घासते, हे त्याला कळले. तिच्या आईने, भागम्माने, एकदा ज्वारीची भाकरी वाढताना थेट विचारले, "योगीराज नाव ठिवलंय, मंग संन्यास घेतला का काय?"

"न्हाई मावशी. अजून कुणी घ्यायला लावलं न्हाई."

"आमची रंजू लावील," भागम्मा म्हणाली. "लय शिस्तीची हाय. दूध उतू गेलं तरी आदी तापमान इचारती."

हुरड्याच्या दिवशी मुलांनी वाफ्यांच्या कडेला आगटी पेटवली. कोवळी कणसे निखाऱ्यात खरपूस होत होती आणि भक्ती नावाची विद्यार्थिनी ती तळहातांवर चोळून गरम दाणे दोघांच्या ओंजळीत टाकत होती. भक्ती लेखी परीक्षेला घाबरे. पाठ असलेले पुसले जाई. पोर्टफोलिओवर तिची सगळी भिस्त होती, आणि नेमका तिचाच हरभरा बिघडला होता. भारी जमिनीत ओल पुरेशी असताना तिने पाण्यावर पाणी दिले. झाडे माजली, दाण्यांचे घाटे धरलेच नाहीत. तिने सगळे जसेच्या तसे नोंदवले होते : 'आई म्हणली, पाणी नको. मी आईला पुस्तक दाखवलं. पुस्तक बरोबर होतं. मी हलक्या जमिनीचं पान वाचलं.'

"सर, मॅडम... माझ्या हरभऱ्याला गुण भेटतील का?"

दोघांनी एकाच वेळी माना दुसरीकडे वळवल्या.

"बोलता येत न्हाई," योगीराज म्हणाला.

"हुरड्याविषयी बोलू," शिवरंजनी म्हणाली.

"बोला की मंग," भक्तीने दाणे टाकले. "कवापासून नुसतं एकमेकाकडं बघायलात. दाणे गार व्हायलेत."

पोरे खदखदून हसली. योगीराजच्या कानाची पाळी लाल झाली होती. आगटीपासून तो बराच लांब बसला होता. तेव्हा उष्णतेचे कारण तिला बाद करावे लागले.

अंतिम तपासणीसाठी शिवरंजनी आठवडाभर अंगणात लॅपटॉप घेऊन बसली. भागम्मा शेजारी करडई पाखडत होती. भक्तीचा पोर्टफोलिओ उघडला. उत्पन्न शून्य, झाडाचे मोजमाप अपुरे. सवयीने एक आकडा मनात आला, आणि त्यापाठोपाठ एक आवाज... पोरगी आईपुढं अन् पुस्तकापुढं खोटी पडली, तरी खरं लिहिलं. याला काही किंमत हाय का न्हाई, मॅडम? तो आवाज तिथे नव्हता, परभणीला होता. तरीही ती त्याच्याशी वाद घालत बसली, आणि हरली. तिने गुण वाढवले. पुढच्या पोर्टफोलिओलाही तेच झाले. त्याच्या पुढच्यालाही. आपण अधिक न्यायी झालो आहोत, अशी तिची प्रामाणिक समजूत होती.

निकालाच्या दिवशी दोघांच्या गुणांची बंद पाकिटे उघडून बन्सीधर सर घामाघूम झाले होते.

"मॅडम, हे काय झालं? गुणांक पार कोसळला. तुमची दुरुस्ती लावली तर फरक चारवर जायलाय!"

शिवरंजनीने दोघांचे गुण शेजारी शेजारी पाहिले. तिचे जास्त होते, योगीराजचे कमी; जवळजवळ प्रत्येक ठिकाणी, जवळजवळ दोनाने. दोघांची सरासरी जागच्या जागी होती. फक्त फरकाचे चिन्ह उलटले होते.

तिने मान वर केली. योगीराजही तेच पाहत होता. त्याच्या कानाची पाळी पुन्हा लाल झाली.

"तुमी... कमी दिले?" तिने विचारले.

"प्रत्येक ठिकाणी कुणीतरी पुरावा मागायलं," तो हळूच म्हणाला. "काय करावं?"

 बन्सीधर सरांचा चेहरा एकाएकी उजळला.

"आलं ध्यानात! पाकिटं बदलली! सरांचं पाकीट मॅडमच्या नावावर गेलं अन् मॅडमचं सरांच्या. तसं टिपण करतो. नावं बदलली की गुणांक झक्कास बसतोय. पोरं बी वाचली, तुमची योजना बी वाचली."

हिशोब बरोबर होता. नावांची अदलाबदल केली असती, तर आकडे मर्यादेत चपखल बसले असते. सरासरी तीच राहिल्याने कोणाचा एक गुणही बदलला नसता. भक्ती वाचली असती. शिवरंजनीने खिडकीबाहेर पाहिले. कट्ट्यावर मुले बसली होती, आणि भक्ती मोबाइलवर कुणाला तरी आपला हरभरा दाखवत होती. हीच मुलगी स्वतःच्या हाताने लिहून गेली होती, की मी चुकीचे पान वाचले.

"पाकिटं बदलली नाहीत, सर," ती म्हणाली.   "माझे गुण माझेच आहेत. पण ते स्वतंत्र नाहीत. मी या प्रयोगाची परीक्षक म्हणून अपात्र आहे. हितसंबंध उत्पन्न झाला आहे."

"हितसंबंध? कुणाशी?"

 ज्या दिशेला ती पाहत नव्हती, ती दिशाच पुरेशी बोलकी होती.

"मी पण अपात्र," योगीराज म्हणाला. "त्याच कारणासाठी."

"अहो, पण तुमच्यात काही नातं..."

"अजून न्हाई," योगीराज म्हणाला.

बन्सीधर सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आता मंडळाला काय लिहू? पोरांची परीक्षा घेता घेता परीक्षकच..."

"खरं लिहा," शिवरंजनी म्हणाली. "आणि तिसरा परीक्षक मागा. आम्हाला कधीही न भेटलेला. त्याचे गुण आमच्या सरासरीशी जुळले, तर पोर्टफोलिओ टिकला. न जुळले, तर मी स्वतः पेपर काढीन."

मंडळाने बराच काथ्याकूट करून ते मान्य केले. सोनपेठच्या सविता मॅडम तपासायला बसल्या. तोपर्यंत भेटायचे नाही, असे शिवरंजनीनेच ठरवले. कोणताही नियम तसे सांगत नव्हता. भागम्माला त्या काळात एकही खरकटे भांडे सापडले नाही.

शेवटी बन्सीधर सरांचा फोन आला. सविता मॅडमचे गुण दोघांच्या सरासरीशी असे जुळले होते, की मंडळातल्या सर्वांत संशयी सदस्यानेही पुढच्या हंगामाला होकार भरला. भक्ती उत्तीर्ण झाली होती. शेवटच्या निकषावर सविता मॅडमनी तिला पैकीच्या पैकी दिले होते.

शिवरंजनीने स्कूटी काढली. कुठे निघाली, हे भागम्माने विचारले नाही.

फाटक अर्थातच बंद होते. हंगाम सरत आला होता. शेवटच्या काही ट्रॉल्या, त्यातली एक रंगीत पताका लावून सजवलेली. ट्रॅक्टरच्या सावलीत, खांद्याला पिशवी अडकवून, योगीराज उभा होता.

"बस अडकली का?" तिने विचारले.

"न्हाई. आज बसनं आलोच न्हाई. इथंच उतरवा म्हणलं रिक्षावाल्याला. तुमी इथूनच परभणीचा रस्ता धरणार, असा अंदाज होता."

"मी परभणीला निघाले, हे कुणी सांगितलं?"

"अंदाज म्हणलं न्हवं का."

ती हसली.  समोरून मालगाडी धडधडत निघाली आणि डबे संपेपर्यंत बोलणे शक्य नव्हते, याचे तिला बरे वाटले.

"शेवटचा निकष राहिलाय, मॅडम," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी तुमी ऊस घेतला न्हाई. मत बदललं असेल तर ते का... पुराव्यासह."

शिवरंजनीने विचार केला. तिने आयुष्यात कोणतेही विधान इतके तपासून केले नव्हते.

"तुमी नसताना तुमच्याशी भांडत होते," ती म्हणाली, "आणि दर वेळी तुमालाच जिंकू देत होते. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणलं असतं. पण ते आठवडाभर चाललं. पुरावा मंडळाच्या दप्तरी जमा आहे... प्राचार्यांच्या सहीनिशी."

त्याचा डावा डोळा उजव्याच्या किंचित आधी मिटला.

"रविवारी माझी आई तुमच्याकडं येणार हाय," तो म्हणाला. "मागणी घालायला."

"पुरावा?"

"मामा!" योगीराजने ट्रॅक्टरकडे हाक मारली. "सांगा की यांना. आईला फोन लावला तवा तुमी इथंच व्हता न्हवं?"

ट्रॅक्टरवाल्याने मुंडासे सावरत खाली पाहिले. "व्हतो की. मोठ्यानं बोलायलता गडी. समद्या ट्रॉल्यांनी ऐकलं."

योगीराजने उसाचे कांडे पुढे केले. शिवरंजनीने ते घेतले.

"साक्षीदार म्हणजे पुरावा नाही," ती म्हणाली, आणि कांडे दातांनी सोलू लागली. "पण धरते या वेळी."

दांडा वर गेला. मागचे सगळे भोंगे एकदम वाजू लागले. स्कूटी सुरू करायचे मात्र दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही.