राजरत्नचा पासवर्ड

ही गोष्ट जुन्नरजवळच्या डिंगोऱ्यात घडली. गेल्या वर्षी, मे महिन्यातल्या एका रविवारी, भर दुपारी. ज्यांच्या घरात घडली ती माणसं आजही तिथंच राहतात, म्हणून हसण्यावारी नेऊ नका.

प्रज्ञाचा धाकटा भाऊ राजरत्न त्याआधी काही आठवडे येडगावच्या धरणात बुडून गेला होता. मोबाईल त्याच्या खिशातच होता. भीमजयंतीला तो गाणी म्हणायचा. त्याचा आवाज आता फक्त घरच्या कॉम्प्युटरमध्ये उरला होता.

आणि कॉम्प्युटरला पासवर्ड.

चालू केला की काळ्या पडद्यावर आधी तोच प्रश्न. प्रज्ञाने नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर, सगळं टाकून पाहिलं. आई, द्रौपदाबाई, रोज विचारायची, "उघडला का गं?"

शेवटी त्या रविवारी जुन्नरहून सुदर्शन आला. कॉम्प्युटर दुरुस्तीचं त्याचं दुकान आहे.

"ताई, मदरबोर्डवरचा सेल काढला की सगळं सेटिंग कंपनीतून आलं व्हतं तसं होतंय. पासवर्डपण उडतो."

त्याने वायर काढली. सेल काढला. जरा थांबून परत बसवला. चालू केलं...

पासवर्ड.

बोर्डवरच्या पिना जोडून पुन्हा केलं.

पासवर्ड.

"असं होतच नाय ओ! तारीख मागं गेली, बाकी सगळं पुसलं. हेच कसं राहिलं?"

प्रज्ञाचं डोकंच फिरलं. तिने स्वतःच वायर उपटली. लावली. पुन्हा उपटली. पुन्हा लावली.

"राजू, बास झालं आता! आई रोज रडतीय. काय लपवलंयस एवढं? उघड की!"

कॉम्प्युटरमधला पंखा तेवढा फिरत होता.

आणि पडद्यावर, पासवर्डच्या जागी, एक चांदणी उमटली...

मग दुसरी...

सुदर्शन मागे सरकला. "ताई... कीबोर्ड..."

कीबोर्ड त्याने मघाशीच काढून कॉटवर ठेवला होता. त्याची वायर खाली लोंबत होती.

चांदण्या भरल्या. कॉम्प्युटर उघडला.

प्रज्ञाने कसाबसा माऊस धरला, गाणं लावलं. राजरत्नचा आवाज घरभर झाला. द्रौपदाबाईंनी तोंडाला पदर लावला.

गाणं संपलं. ढोलकी थांबली. थोडी खरखर...

आणि तोच आवाज. अगदी जवळून. वैतागलेला.

"प्रज्ञे, सारखी वायर नको उपटूस गं!"

सुदर्शनने तेच गाणं पुन्हा लावलं. ढोलकी थांबली आणि गाणंही तिथंच संपलं. पुढे काहीच नाही. पण तिघांनी ऐकलं होतं.

प्रज्ञाला अजून राग येतो. एवढ्या दिवसांनी बोलला, तेही तिच्यावर खेकसायला!

पण रागापेक्षा तिला आता संध्याकाळची धास्ती वाटते. दिवे लागले की आई त्या बंद पडद्यासमोर जाऊन बसते.

"माज्याशी नाय का रं बोलायचं?"

मग पडद्याला कान लावते...

थोड्या वेळाने मान डोलवते. "हां... हां बाळा..."

तो काय सांगतो, हे प्रज्ञाने अजून विचारलेलं नाही.