दोन बाण, दोन दिशा

"अगं, बघ ना! नाना आणि मामूंनी एकमेकांशी कट्टी घेतलीय!"

ढोल एवढ्या मोठ्यांदा कुजबुजला की तळमजल्यावरच्या लिफ्टलाही ऐकू गेलं असेल! चौकशीने त्याच्या तोंडावर हात दाबला आणि हॉटेलच्या बोळात मधोमध उभी राहून ती बघतच राहिली.

समोरासमोरच्या दोन खोल्या. दोन्हींची दारं सताड उघडी. डावीकडच्या खोलीत आजोबा, म्हणजे नाना, नमाज पढत होते, उजवीकडच्या खोलीत मामू. आणि दोघांच्या पाठी एकमेकांकडे!

चौकशी बारा वर्षांची. जन्मल्या जन्मल्या ती रडली नाही, तिने डॉक्टरीणबाईंना "हे काय? ते कशाला?" असं विचारलं, असं घरातले शपथेवर सांगत. म्हणून हे नाव. ढोल तिचा धाकटा भाऊ. आणि मामूंच्या मुलाला सगळे वकील म्हणत. तो झोपेतसुद्धा वाद घालायचा, आणि जिंकायचा!

"काबेची दिशा, किब्ला, तर सगळ्यांना एकच असतो ना?" चौकशी म्हणाली. "मग एकाचं तोंड गल्लीकडे आणि दुसऱ्याचं मागच्या अंगाला कसं?"

वकिलाने वर बोट दाखवलं. प्रत्येक खोलीच्या छतावर एक हिरवा बाण चिकटवला होता. नानांच्या खोलीतला बाण खिडकीकडे, मामूंच्या खोलीतलाही खिडकीकडे. पण खिडक्या होत्या एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना!

नमाज संपल्यावर व्हायचं तेच झालं.

"माझा बाण बरोबर आहे," नाना म्हणाले.

"तुमचा? मोबाइल काय सांगतो ते बघा!" मामूंनी खिशातून मोबाइल काढला. पण त्यातल्या होकायंत्राचा काटा पलंगापाशी एक सांगे, लोखंडी कपाटापाशी दुसरंच, आणि लिफ्टजवळ तर तो भोवऱ्यासारखा गरगरायला लागला. मामूंनी मोबाइल गुपचूप खिशात घातला.

"तरी मी सांगत होतो!" ते खालाकडे, चौकशीच्या मावशीकडे, वळले. "सुट्टीत माझं घर काय वाईट होतं?"

ही सहल खालाने ठरवली होती. अख्ख्या घराने पहिल्यांदाच तिच्यावर काही सोपवलं होतं. पोहण्याच्या तलावात बायकांसाठी वेगळी वेळ आहे का, मुलांना चालत जाता येईल असं मत्स्यालय कुठे आहे, सगळं तिने खणून काढलं होतं. एवढ्या अभ्यासात दुसरा कुणी दोनदा वैद्य झाला असता!

नाना मात्र गंभीर झाले होते. "दिशेचं मी एक वेळ विचारून घेईन. पण ज्यांनी बाण असे डोळे मिटून चिकटवले, त्यांनी स्वयंपाकघरावर 'हलाल' ही पाटीही तशीच चिकटवली नसेल कशावरून? पोरांना इथे काय खायला घालायचं? उद्या सकाळी बॅगा भरा."

खाला नुसती मुलांच्या टॉवेलांच्या पुन्हा पुन्हा घड्या घालत राहिली. चौकशीने ते पाहिलं. आता परत गेलो तर खालाला पुन्हा कुणी काही ठरवू देणार नाही. आणि मत्स्यालय? ते तर गेलंच!

"आधी मॅनेजर!" ती म्हणाली.

मॅनेजर गोल गरगरीत होते आणि घाईत होते. "बाळांनो, बाण तज्ज्ञांनी लावलेत!"

"मग जरा वर चला," चौकशी म्हणाली. तिने ढोलला एका खोलीत बाणाकडे तोंड करून उभं केलं, वकिलाला समोरच्या खोलीत. "आता सांगा काका, यातला बरोबर कोण?"

मॅनेजरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "दोघंही! पृथ्वी गोल आहे ना? कुठूनही निघालं तरी पोचणारच!"

"मग बाण जमिनीकडेच लावा की!" वकील उसळला. "आरपार, जवळचा रस्ता!"

मॅनेजरांना ठसका लागला. फोन वाजतोय असं सांगून ते पळाले. फोन काही वाजत नव्हता!

"खिडकीतून बघ," ढोल ओरडला. "मशीद!"

खरंच, गल्लीच्या टोकाला, हॉटेलच्याच अंगाला एक छोटा मिनार दिसत होता. खाला हॉटेलच्या पायरीवर उभी राहिली आणि तिच्या नजरेसमोरून तिघं धावत सुटली.

"सोप्पं आहे," वकील धापा टाकत म्हणाला. "मशिदीची भिंत गल्लीला समांतर. आत तोंड गल्लीकडे असेल तर नाना बरोबर, नाहीतर अब्बा. दोघांतलं एक!"

पण आत पाऊल टाकताच चौकशी थबकली. गालिच्याच्या पट्ट्या भिंतीला धरून नव्हत्याच! त्या चांगल्याच तिरक्या अंथरल्या होत्या आणि कोपऱ्यांत तिकोनी जागा मोकळ्या उरल्या होत्या.

"चाचा, गालिचा वाकडा का?" तिने झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना विचारलं.

"गालिचा सरळ आहे बेटी, इमारत वाकडी आहे!" चाचा हसले. "आधी इथे लाकडाची वखार होती. वखार गल्लीकडे बघून बांधली. आम्ही किब्ल्याकडे बघून बसलो."

चौकशीचे डोळे चमकले. तिने खिशातली चण्यांची रिकामी पुडी उलगडली आणि चाचांकडून पेन्सिल मागून घेतली. कागदाची एक कड गल्लीकडच्या भिंतीला लावली आणि दुसरी बाजू गालिच्याच्या पट्टीच्या रेषेत नेमकी दुमडली. भिंतीच्या कडेवर 'गल्ली' लिहिलं, घडीवर चाचांनी दाखवलेल्या बाजूला बाण काढला.

"कोन पकडला!" ती किंचाळली. मग चाचांना घाईघाईने "माफ करा" म्हणाली.

परत येताना ती कागद असा धरून चालली होती, जणू त्यात उकळता चहा भरला होता. ढोल पुढे ओरडत होता, "बाजूला व्हा! कोन सांडेल!"

नानांच्या खोलीत सगळे जमले. या आरड्याओरड्याने मॅनेजरही डोकावले. चौकशीने कागदाची 'गल्ली' लिहिलेली कड खिडकीखालच्या भिंतीला टेकवली. घडीवरचा बाण खिडकीकडे नव्हता, दाराकडेही नव्हता. तो सरळ कपाटाच्या कोपऱ्याकडे बघत होता!

"म्हणजे नाना चुकले!" मामूंनी टाळी वाजवली.

"आणि तुम्हीही, अब्बा," वकील म्हणाला. "निकाल एकमताने!"

नाना क्षणभर कपाटाकडे बघत राहिले. मग त्यांची दाढी हलायला लागली. ते हसत होते! "अल्लाह नियत बघतो. पण चूक कळली की तोंड सरळ करायचं असतं. मामूमियाँ, भांडून आपण दोघंही वाकडेच!"

मॅनेजरांनी रुमालाने टक्कल पुसलं. "खरं सांगतो. जिन्याजवळच्या तिरक्या कोपऱ्यातल्या खोलीत इमामसाहेबांना विचारून बाण लावला. तिथे खिडकी त्याच दिशेला आहे. मग मी म्हटलं, सगळीकडे खिडकीकडेच लावून टाका!"

"आणि स्वयंपाकघर?" नानांनी भुवई उचलली. "तिथेही असंच?"

"स्वतः बघा!"

सगळी वरात खाली निघाली. आचारी झुपकेदार मिशांचा होता. त्याने एकेक गोष्ट पुढे केली: हलाल मांसासाठी हिरव्या दांड्याच्या सुऱ्या, वेगळी फळी, वेगळी कढई, वेगळा फ्रीज. नानांनी कढईसुद्धा उचलून पाहिली.

"एवढी शिस्त?" ते म्हणाले.

"शिस्त कसली साहेब!" आचाऱ्याने कपाळाला हात लावला. "एका बाईंचे फोन आले होते. तळायचं तेल वेगळं का? झारा कुठे टांगता? लहान मुलांच्या मिठाईत जिलेटिन कसलं, कुठल्या जनावराचं? मी रात्री स्वप्नातही झारा टांगत होतो! शेवटी तेलही बदललं, मिठाईही."

"मिठाईचं मी दोनदाच विचारलं होतं," खाला हळूच म्हणाली.

आचारी दचकून दोन पावलं मागे सरला. "तुम्हीच त्या?"

हशा एवढा झाला की झाकणं वाजली! मामूच तेवढे हसत नव्हते. त्यांनी घसा खाकरला. "माझ्या घरी तू कधी झारा कुठे टांगतो ते विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर तुम्ही जेवायला वाढलं असतं?" खाला म्हणाली.

नानांनी चौकशीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरी! आम्ही छताकडे बघत बसलो, तू जमिनीकडे पाहिलंस." वकील आणि ढोल यांच्याही पाठीवर थाप पडली. ढोलला ती जरा जोरात पडली, कारण तो त्याच वेळी मिठाईच्या बरणीकडे सरकत होता.

"मॅनेजरसाहेब, बाकीच्या खोल्यांचं काय?" वकिलाने विचारलं.

मॅनेजर शिडी आणायला गेले. कागद मात्र चौकशीने त्यांच्या हाती दिला नाही. ती स्वतःच निघाली.

"थांब," नाना म्हणाले. मग खालाकडे वळून त्यांनी जरा आवाज चढवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मत्स्यालयाला उद्या किती वाजता निघायचं ते सांग. आणि पुढच्या सुट्टीत कुठे जायचं, तेही तूच ठरव."