उजव्या कानामागून

कुलूप आणायला गेले होते, तिथून सांगते. भर दुपार, हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक मी एकटीच. दुकानदार म्हणाला, "काय देऊ, ताई?" आणि मला शब्दच येईना. वस्तू डोळ्यांपुढे उभी, नाव मात्र गायब. त्याच क्षणी जळक्या रबराचा वास नाकात भरला आणि उजव्या कानामागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कुलूप."

मी मागे वळले. खिळ्यांची खोकी होती. माणूस नव्हतं.

आवाज बाईचा होता. ओळखीचा नव्हता.

मी बसस्थानकावर माइकवरून गाड्यांच्या वेळा सांगते. शब्दांवरच माझं पोट, आणि तेच निसटायला लागले. सकाळी उठलं की डोकं फुटायला यायचं, ओकारी झाली की जरा उतरायचं. तो वास घरात दुसऱ्या कुणालाच यायचा नाही. सासूबाई म्हणाल्या, "कामाचा कंटाळा, दुसरं काय!" नवरा म्हणाला, "नाटकं बंद कर." आणि गल्लीतला डॉक्टर? तो माझ्याशी बोललासुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाला, "बाईंना काही झालेलं नाही. त्यांचं मन रमवा." मी समोर बसलेली, जणू दुरुस्तीला आणलेला पंखा!

अंगाची लाही लाही व्हायची. पण भांडायला गेले की नेमका शब्द दगा द्यायचा. मग ती कानामागची बोलायची. आधी हरवलेले शब्द पुरवायची. पुढे पुढे मी न मागितलेलेही. एकदा जेवताना, नवरा ताटावरून मान वर करत नव्हता तेव्हा, सावकाश म्हणाली, "ह्याला... ऐकवायला हवं."

मी ताट बाजूला सारलं.

त्यानंतर एका सकाळी माइकसमोर माझा जबडा गच्च आवळला गेला, उजवा हात थडथडायला लागला. शुद्ध जाता जाता कर्ण्यांतून, साऱ्या स्थानकावर घुमलेलं मी ऐकलं, "हिचं डोकं दुखतंय. कुणी ऐकतंय का?" सगळ्यांना वाटलं, मीच बोलले. माझे दात तर एकमेकांत रुतले होते.

सहकाऱ्यांनी मोठ्या इस्पितळात नेलं. मेंदूचा फोटो निघाला. तिथल्या सर्जनबाई माझ्याकडे बघून बोलल्या, म्हणून मला रडू आलं. म्हणाल्या, "मेंदूतल्या गाठी सगळ्या सारख्या नसतात. काही तिथेच उगवतात, काही दुसऱ्या अवयवातल्या कर्करोगातून येतात. काही आवरणावर वाढतात, सहसा साध्या असतात. तुमची आतल्या पेशींचीच आहे, पण सावकाश वाढणारी वाटते. शब्दांच्या जागेला चिकटून आहे. वास, आवाज, झटका, सगळं तिचंच."

"कधीपासून असेल?"

"काही वर्षं तरी."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीवरचं घड्याळ बघत होता. वाटलं, ते घड्याळ काढून त्याच्या डोक्यात घालावं.

ऑपरेशनच्या मध्यावर मला जागं केलं, शब्दांची जागा दुखावू नये म्हणून. एक भाषातज्ज्ञ मुलगी चित्रं दाखवत होती, मी नावं सांगत होते. छत्री. किल्ली. हत्ती. मग पुन्हा झोपवलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी खाटेजवळ आली. बसली नाही.

"शेवटची चित्रं आठवतात तुम्हाला?"

"हत्तीपर्यंत."

"तुम्हाला झोपवल्यावर मी चित्रं आवरत होते. पालथी होती सगळी. मी एकेक उचलत होते... आणि उत्तरं येत होती. बरोबर उत्तरं."

"मी झोपेत बडबडले असेन."

"तुमच्या तोंडात नळी होती, ताई."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिची चाकं लांबपर्यंत वाजत राहिली.

"मग आवाज... कुठून?"

तिने दाराकडे बघून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "काढलेली गाठ ट्रेमध्ये ठेवली होती ना... तिथून."

माझ्या कानामागे आता शांतता आहे. शब्द परत आलेत. वासही गेला. गाठ तपासणीला गेली, आणि अहवाल आणायला नवरा एकटाच प्रयोगशाळेत गेला. आत बराच वेळ होता म्हणे, दार लावून. गाठ सावकाश वाढणारीच निघाली, तेवढं कागदावर होतं. तिथे आणखी काय झालं ते विचारलं, की तो पांढराफटक पडतो.

पण त्या दिवसापासून तो मला 'अहो' म्हणतो. आणि बोलायच्या आधी उभा राहतो.