जिरेनियमची गोडी छाटणी

"अहो वरच्या मजल्यावरच्या! झाडाला पाणी घालताय की मला आंघोळ?"

हर्षालीने दचकून गॅलरीतून खाली पाहिलं. खालच्या खोलीत नव्याने राहायला आलेला मुलगा ओला शर्ट झटकत उभा होता. चिडायला हवा होता, पण हसत होता... आणि हसला की गालाला खळी पडत होती. आता खळी बघायची की माफी मागायची? पोरीने दोन्ही केलं.

"सॉरी हं! जिरेनियमला जरा जास्तच झालं."

"जरा? बुडेल बिचारं!"

त्याचं नाव सार्थक. नोकरी सातपूरच्या कंपनीत, गाव सायखेडा, घरची द्राक्षबाग. हळूहळू तो संध्याकाळी चहाला वर येऊ लागला. तिच्या वडिलांशी, अण्णांशी गप्पा मारायला... निदान सांगायला तरी तसंच.

जिरेनियम तिच्या आईच्या हातचं होतं. आई गेल्यापासून हर्षालीने त्याला कात्री लागू दिली नव्हती. झाड आपलं नुसतं उंच वाढलेलं, खाली उघड्या काड्या, शेंड्याला चार पानं आणि फुलाचं नाव नाही.

"छाटायला हवं," सार्थक म्हणाला.

"नको... आईचं आहे ते."

"छाटल्याशिवाय फुटणार कसं? काळजी नका करू. आमच्या घरात पोर चालायला लागलं की हातात कात्रीच देतात."

"बरं... पण थोडंसंच हं," ती त्याच्याकडे बघत म्हणाली. तिथेच फसली!

रविवारी ती भाजी घेऊन परतली, तर कुंडीत बोटभर खुंट! दसऱ्याच्या सुमारास द्राक्षवेलींची गोडी छाटणी करतात ना, पार काड्या आखूड करून, तशीच पठ्ठ्याने जिरेनियमची केली होती. औषधाला पान ठेवलं नव्हतं.

"ही काय द्राक्षबाग वाटली तुम्हाला?" तिचा आवाज चिरकला. "आईचं एवढंच उरलं होतं माझ्याकडे..."

सार्थकचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. लय मोठं चुकलं," एवढंच कसंबसं बोलला, काड्या गोळा केल्या आणि त्या घेऊन खाली गेला.

चहा बंद, गप्पा बंद. हर्षाली मात्र खुंटाला पाणी घालत राहिली. सकाळी घालायची, संध्याकाळी घालायची, रडू आलं की मधेच पुन्हा घालायची. शेवटी खुंट काळा पडला. बोट लावलं तर मऊ लागला, आतून कुजला होता.

"त्याने कापलं खरं," अण्णा हळूच म्हणाले, "पण बुडवलं तू, बाळा."

तिला अण्णांचा भयंकर राग आला, कारण ते खरं बोलले होते. आणि त्याहून खरं म्हणजे, तिला झाडाइतकीच त्या खळीचीही आठवण येत होती.

थंडी पडू लागली. एका सकाळी दार वाजलं. बाहेर सार्थक उभा होता. हातात ट्रे, ट्रेमध्ये चहाचे कागदी कप आणि प्रत्येक कपात जिरेनियमचं इवलंसं रोप. एकाला तर लाल कळ्यांचा झुबकासुद्धा!

"त्याच दिवशीच्या काड्या," तो खाली बघत म्हणाला. "मुळं धरतील की नाही, खात्री नव्हती, म्हणून आधी सांगितलं नाही. पुन्हा आशा लावायची आणि पुन्हा मोडायची... तेवढी हिंमत नव्हती माझ्यात."

हर्षालीने एक पान हलकेच चोळलं. तोच वास, झाडांत वावरून आलेल्या आईच्या हातांचा. तिचे डोळे भरून आले.

"यातलं एक मी नेऊ का?" त्याने चाचरत विचारलं. "म्हणजे... आठवण म्हणून. खोली सोडतोय. आता गावी बागच बघायची ठरवलंय."

आत्ता बोलली नाही तर कधी बोलणार होती?

"नाही," ती म्हणाली. "एकही देणार नाही. आईची झाडं मी दोन घरांत वाटणार नाही."

"बरोबर आहे तुमचं." तो वळू लागला.

"अरे, पूर्ण ऐक तरी! दोन घरांत वाटणार नाही म्हटलं... घर एकच करायला तुझी हरकत आहे का?"

'तुझी' ऐकून सार्थकच्या हातातला ट्रे डगमगला. तिने तो सावरला, बोटांवर बोटं तशीच राहिली.

"सायखेड्याला अंगण आहे का?" तिने विचारलं.

"हाय की! लय मोठं हाय!" आनंदात त्याची शहरी भाषा कुठल्या कुठे पळाली... आणि खळी परत आली.

"पण कात्री माझ्याच हातात राहील."

"आणि पाण्याची झारी त्याच्या!" आतून अण्णा ओरडले.