फिटंफाट झाल्यावर

आष्टीच्या शिवारात सकाळचे ऊन कसलीही घाई न करता उतरत होते. आधी बाभळीच्या शेंड्यावर, मग कडब्याच्या गंजीवर, मग खळ्याच्या सारवलेल्या भुईवर... ज्वारीच्या राशीशी बसलेल्या इंद्रायणीच्या हातांवर येऊन ते जरा रेंगाळले. तिचे घर टाळावे म्हणून आडवाटेने निघालेला धर्मराज तिला तिथे पाहून जागीच थबकला.

इंद्रायणीच्या वडिलांनी, बापूंनी, आणि धर्मराजच्या घरच्यांनी साटेलोटे ठरवले होते. त्याची बहीण तुळजा इंद्रायणीच्या भावाला, भुजंगला द्यायची आणि इंद्रायणी त्याने करायची. एक लग्न मोडले की दुसरेही मोडणार. उस्मानिया विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकणाऱ्या धर्मराजला हा सौदा पटत नव्हता. पण आपल्या नकाराने तुळजाचे काय होईल, या धास्तीने त्याची झोप उडाली होती.

“वाट चुकलात... का आम्हाला चुकवून राह्यलात?”

तो गोरामोरा झाला. “विचारात होतो...”

“कशाच्या?”

“प्रत्येक कणाला एक उलटा जोडीदार असतो. द्रव्य आणि प्रतिद्रव्य. दोघं भेटले की दोघंही नाहीसे होतात. आरंभी दोन्ही सारखेच असतील, तर सगळंच फिटून जायला पाहिजे होतं. मग हे एवढं जग उरलं कसं... कुणालाच ठाऊक नाही.”

“अगं बाई! भेटलो की दोघं बी गायब—म्हणून आडवाटेनं व्हय?” ती खुदकन हसली, मग हसू आवरून हळूच म्हणाली, “एक सांगू? साटं मोडलं तरी तुळजालाच करीन, असं दादानं काल बापूला तोंडावर सांगितलं. बापू बी कबूल झाले. तुमच्यावर आता बिलकुल बंधन न्हाई.”

धर्मराजने दीर्घ श्वास सोडला. छातीवरची धोंड उतरली. तुळजाचे लग्न होणार होते, आणि तो मोकळा होता! आता निघायला हरकत नव्हती...

“जा की मंग.” ती राशीतले खडे वेचू लागली. वर पाहिले मात्र नाही.

“जातो...”

पाय हलेनात.

“आता काय राह्यलं?”

त्याने वहाणा खळ्याबाहेर काढल्या आणि आत पाऊल टाकले.

“कुणाच्या बदल्यात नको... नुसतंच मागायला आलो, तर?”

“तर बापूला इचारा.” तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मी न्हाई म्हणणार न्हाई.”

सौद्याचा राग खरा होता. पण इंद्रायणी त्याला पहिल्यापासूनच आवडत होती.