लांबी

जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं ते जेवणाचं टेबल जेमतेम चार माणसांचं. एका टोकाला आई, दुसऱ्या टोकाला तिची तीन वर्षांची लेक टिकली. शेजारी कुणी बसलेलं टिकलीला खपत नसे. "मी मोठी," हा तिचा हुकूम. आईनंही तो मानला, कारण वाकून हात पुढे केला की लेकीच्या हनुवटीला लागायचा. मागे एकदा घशात घास अडकून पोर काळीनिळी पडली होती. तेव्हापासून आईला तेवढं अंतर पुरेसं होतं. त्याहून जास्त नको होतं.

पॉलिश पेपरनं घासल्यावर लाकूड उजळलं आणि आडव्या फळ्यांमधल्या फटी उघड्या पडल्या. नवरा म्हणाला, राहू दे, जुन्या वस्तूला शोभतात. पण फटीत खरकटं साचायचं, मुंग्या यायच्या आणि टिकली बोटानं ते उकरून चाखायची. मग आईनं फटी बुजवायची लांबी, रंगारी वापरतात ती पुट्टी, कालवली आणि लोखंडी पत्तीनं दाबून दाबून भरली.

सकाळी पाहिलं तर लांबी खोल बसलेली. तिनं पुन्हा भरली. टेबलानं तीही गिळली.

"एवढी लांबी घातलीस," नवरा हसला, "आता अख्खं गणगोत जेवायला बोलाव."

तीही हसली. मग टेबलक्लॉथ दोन्ही टोकांना अपुरा पडला. धुऊन आटला असेल, असं त्याचं म्हणणं. मग तिचा हात हनुवटीऐवजी ताटलीपर्यंतच पोचू लागला. तिनं खुर्ची पुढे ओढली, मनाला दटावलं आणि शेवटी मापाची टेप लावली. टेबल आणलं त्या दिवशी मोजलेलाच आकडा निघाला.

टेप कशाला खोटं बोलेल? तिनं उरलेली शेवटची फटही भरून टाकली.

ती वाळली, तेव्हा खिडकीतून दुपारचं ऊन टेबलावर पसरलं होतं. लाकूड आरशासारखं झालं होतं. नवरा आत भांडी विसळत होता. टिकली सफरचंदाची फोड खात होती.

तिचं तोंड उघडलं. चेहरा लाल झाला. आवाज मात्र आला नाही.

आईनं हात टाकला. हाताला लाकूड लागलं.

ती उठली आणि टेबलाची कड धरून धावली. तळव्याखालून फळ्या सरकत होत्या. एक, आणखी एक, आणखी. भांड्यांचा आवाज मागे पडला.

पलीकडे टिकली शांत झाली होती. घशातली फोड खाली उतरली असावी. तिनं बाहीला तोंड पुसलं.

"बाळा, तिथंच बस. मी आले."

टिकली इकडेतिकडे पाहत राहिली. मग, बऱ्याच वेळानं, तिनं मान वर केली. तिचे ओठ हलले आणि मिटले. तिनं दुसरी फोड उचलली, चावली, गिळली.

त्यानंतर कुठे तिची हाक आईपर्यंत पोचली.

"आई, कुठे आहेस?"