रतनचं औषध

पनवेलच्या एसटी स्टँडमागे आमची जनावरांची लॅब आहे. शेळ्यांच्या लेंड्यांतून डीएनए काढायचा आणि पोटात कोणते जंत आहेत ते सांगायचं, हे माझं काम. लोक नाक मुरडतात. मला मात्र ते मनापासून आवडतं. लेंडी थापा मारत नाही, माणसं मारतात.

तळोज्याच्या कारखान्यांपलीकडे सोनाबाई राहते. शेळ्यांवरच तिचं घर चालतं. मी औषध पाजूनही शेळ्या जंतांनी एकेक करून मरत होत्या. पहिली गेली ती रतन, देवीच्या नावाने सोडलेली. देवीच्या शेळीला माणसाने औषध पाजायचं नाही, म्हणून सोनाबाईने मला तिला हात लावू दिला नव्हता. रतनच्या लेंड्यांची नळी तेवढी आमच्या फ्रीजरमध्ये राहिली होती.

उरलेल्या शेळ्यांच्या लेंड्या तपासल्या. जंत सगळ्यांत होते. पण लेंडीत त्या जनावराचाही डीएनए उतरतो, आणि तो सगळीकडे एकाच शेळीचा निघाला. रतनचा.

नमुन्यांची सरमिसळ झाली असणार. मी चिडून स्वतः गेले, हातमोजा घालून प्रत्येक शेळीची लेंडी काढली आणि दुसऱ्या लॅबला पाठवली. तिथूनही तेच उत्तर आलं.

मी सोनाबाईला ते सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. त्या सकाळीच मेलेलं करडू तिच्या मांडीवर होतं.

"रतन गेली नाय अजून," ती म्हणाली. "देवीची म्हून आमी तिला औषद पाजू दिला नाय. आता तुमी पाजा."

"मेलेल्या शेळीला?"

"बाकीच्या जगवायच्या हायत ना, मॅडम?"

करडाकडे बघून मला भडभडून आलं. तिच्या समाधानासाठी, असं स्वतःला बजावत मी सिरिंज भरली.

भर दुपार होती. गोठ्याच्या कोपऱ्यात रतनचं दावं अजून खुंट्याला होतं. बाकीच्या शेळ्या पलीकडच्या कुडाला चिकटून उभ्या होत्या. एकही ओरडत नव्हती.

दाव्याच्या वर, शेळीचं तोंड असतं तिथे, मी औषध सोडलं.

खालची जमीन कोरडीच राहिली.

त्यानंतर एकही शेळी मेली नाही. पुढच्या तपासणीत प्रत्येकीचा डीएनए तिचा तिचा निघाला, जंतही गेले. सोनाबाईने लॅबवर दूध पाठवलं.

विषय संपला म्हणून रतनची नळी टाकून द्यायला मी फ्रीजर उघडला. बाकीच्या नळ्यांवर बर्फ होता.

तिची नळी आतून वाफेने धुरकटलेली होती. हाताला ताज्या लेंडीसारखी कोमट लागली.